‘देवाघरी’ म्हणजे नक्की कुठे? आजी-आजोबा गेल्यावर लहान मुलांना सांभाळताना

माझे सासरे, म्हणजे घरादाराचे आबा, वारले तेव्हा माझी लेक साडेचार वर्षांची होती. पंचवटीतलं आमचं जुनं घर माणसांनी भरून गेलेलं. तिला कोणीतरी, बहुतेक मीच, सांगितलं की आबा देवाघरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठे दिसेना म्हणून शोधत गेले, तर ती देवघरात. सुतकामुळे पूजा बंद, समई कोरडी. पाटावर चढून तिनं बाळकृष्ण उचलून खाली ठेवला होता, अन्नपूर्णा बाजूला सारली होती आणि देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर हात फिरवून बघत होती. मला पाहून म्हणाली, “आई, इथे तर नाहीयेत.”

सुतकात देवाला शिवली म्हणून आत्याबाई रागावल्या. मी मात्र स्वतःवरच चिडले होते. बालवाडीत शिकवायला लागून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मुलांशी त्यांना कळेल असं बोलणं हे माझं रोजचं काम. तरी वेळ आली तेव्हा तोंडातून तेच निघालं जे आपल्या सगळ्यांच्या तोंडातून निघतं. त्यानंतर वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी आजी किंवा आजोबा गेले, आणि दरवेळी आईवडील फाटकापाशी थांबून हळू आवाजात विचारतात, “मॅडम, हिला काय सांगायचं?” हा लेख त्या आईवडिलांसाठी आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: मुलांना खरं सांगा, खऱ्या शब्दांत सांगा, आणि घरात जे काही चाललंय त्यात त्यांना जागा द्या. हे करायचं कसं, ते आता नीट बघू.

आधी थोडा वेळ मिळाला असेल तर

आजी-आजोबांचं दुखणं लांबलेलं असेल, डॉक्टरांनी कल्पना दिलेली असेल, तर मुलांनाही कल्पना द्या. “आजी खूप खूप आजारी आहे. डॉक्टर औषधं देतायत, पण ती बरी होईलच असं नाही.” इथे ‘खूप खूप’ हा शब्द महत्त्वाचा. नुसतं ‘आजारी’ म्हणालात तर पुढच्या महिन्यात तुम्हाला सर्दी झाली तरी पोर घाबरतं. आजाराचं नाव सांगा. कर्करोग असेल तर तो शेजारी बसल्यानं, मिठी मारल्यानं लागत नाही, हेही सांगा.

अतिदक्षता विभागात लहान मुलांना सहसा सोडत नाहीत. मग चित्र पाठवा, आवाज रेकॉर्ड करून ऐकवा. भेट घडणार असेल तर आत काय दिसेल ते आधी सांगून ठेवा: नळ्या, यंत्रांचा आवाज, आजी बोलणार नाही, हात गार लागेल. मूल भेटायचं नाही म्हणालं तर आग्रह नको.

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणतात, आणि मुलांनाही आपण हेच वळण लावतो. माझ्या वर्गातला एक मुलगा कित्येक दिवस एकच वाक्य बोलत होता: “येतो म्हणाले होते.” आजोबा दवाखान्यात जाताना दारातून तसं म्हणून गेले होते. त्या मुलाच्या लेखी आजोबांनी शब्द मोडला होता. त्याला समजवावं लागलं की आजोबांना यायचंच होतं, मनापासून यायचं होतं, शरीरानं साथ दिली नाही. म्हणून दवाखान्यात नेताना मुलांना “उद्या येतील हं” असं छातीठोक सांगू नका. “बरं वाटलं की घरी आणू, मी तुला रोज सांगत जाईन” एवढंच म्हणा आणि रोज खरोखर सांगा.

पहिला तास

बातमी कळल्यावर फोन, नातेवाईक, डॉक्टरांचा दाखला, अमरधामला, म्हणजे स्मशानभूमीत कळवणं, यात मूल हमखास विसरलं जातं. ते दाराआडून सगळं ऐकत असतं. घरात रडारड सुरू व्हायच्या आधी, किंवा निदान शेजारच्या मुलांकडून कळायच्या आधी, त्याला सांगितलं गेलं पाहिजे.

सांगावं शक्यतो आईनं किंवा बाबांनी. ते पार कोसळले असतील तर मुलाच्या सवयीच्या माणसानं, म्हणजे मावशीनं, काकानं. गर्दीतून बाजूला न्या. आतली खोली, गच्ची, शेजाऱ्यांचं घर, काहीही चालेल. उभ्यानं सांगू नका, त्याच्या उंचीवर बसा, हात धरा. आणि असं काहीसं म्हणा:

“राणी, एक खूप वाईट गोष्ट सांगायची आहे. आज पहाटे आबा वारले. वारले म्हणजे मेले. त्यांचं हृदय खूप खूप आजारी होतं, ते चालायचं थांबलं. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण ते परत सुरू झालं नाही. आता आबा श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही, ऐकू येत नाही. ते आता परत येऊ शकणार नाहीत. आम्हा सगळ्यांना खूप वाईट वाटतंय म्हणून आम्ही रडतोय.”

एवढं बोला आणि गप्प बसा. ही शांतता फार जड वाटते, पण ती भरायची घाई करू नका.

‘मेले’ हा शब्द माणसाबद्दल वापरताना आपली जीभ अडखळते. मुंगी मरते, झुरळ मरतं. माणसं वारतात, जातात, निवर्ततात. पण मुलाला ‘वारले’चा अर्थ कुठून कळणार? मेलेली मुंगी त्यानं पाहिलेली असते. ती हलत नाही, फुंकर मारली तरी पळत नाही, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून एकदाच ‘वारले म्हणजे मेले’ अशी गाठ मारून द्या आणि पुढे आदरानं ‘वारले’च म्हणा.

ऐकून मूल कदाचित म्हणेल, “मी खेळायला जाऊ?” जाऊ द्या. याला कोडगेपणा म्हणू नका. मोठ्या माणसाचं दुःख पुरासारखं असतं. लहान मुलं पावसाच्या डबक्यात उडी मारावी तशी दुःखात शिरतात आणि बाहेर येतात. आता खेळेल, रात्री जेवताना एकदम रडेल, मग पुन्हा गोष्ट सांग म्हणेल.

टाळायचे शब्द

“आजी झोपली आहे” हे सर्वांत घातक. त्यानंतर मुलं झोपायला घाबरतात, दुपारी डोळा लागलेल्या आईला हलवून उठवतात. “गावाला गेले” म्हटलं की मूल वाट बघत राहतं, शिवाय मला न सांगता गेले हा राग धरतं. “देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून त्यानं नेलं” असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. जो देव आबांना उचलून नेतो त्याच्यापुढे मुलानं संध्याकाळी शुभंकरोती कशी म्हणायची? आणि चांगलं वागलं की नेतात, हा हिशेब मुलं फार लवकर मांडतात.

तारा झाले, हे वरवर निरागस वाटतं. पण नाशिकचा पावसाळा आठवा. आषाढ-श्रावणात कितीतरी रात्री आभाळ उघडत नाही. एका चिमुरडीनं मला विचारलं होतं, “ढग आले की आजी कुठे जाते?”

याचा अर्थ श्रद्धा बाजूला ठेवा असा नाही. आमच्या घरी देवावर विश्वास आहे आणि तो मी लेकीला दिलाही. प्रश्न आधी काय आणि मग काय, एवढाच आहे. आधी शरीराचं सांगा: काम थांबलं, परत सुरू होणार नाही. ते कळल्यावर, “आपण असं मानतो की आबांचा आत्मा देवाजवळ आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, तिथे आपल्याला जाता येत नाही, फोन लावता येत नाही.” आधी हा पाया घातला की ‘देवाघरी’ हा शब्द मुलाला देव्हाऱ्यामागे शोधायला लावत नाही.

कोणत्या वयाला काय कळतं

१९४८ साली मारिया नाज या हंगेरियन संशोधिकेनं बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी मरणाविषयी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचाच्या आतल्या पुष्कळ मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटत होता, ज्यातून माणूस परत येतो. त्यानंतरच्या अभ्यासकांनी मुलांना कळायच्या चार गोष्टी वेगळ्या काढल्या: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्या शरीराचं सगळं काम थांबतं, प्रत्येक जीव कधीतरी मरतो, आणि मरणाला काहीतरी शारीरिक कारण असतं. साधारण ५ ते ७ या वयात बहुतेक मुलांना या गोष्टी उमगू लागतात, सगळ्या एकदम नाही.

३ वर्षांच्या आतल्या बाळाला माणूस दिसत नाही आणि घर बिघडलंय, एवढंच जाणवतं. त्याला शब्दांपेक्षा मांडी, ठरल्या वेळचा वरणभात आणि ओळखीचे हात हवेत. ३ ते ५ मधलं मूल तोच प्रश्न तुम्हाला दिवसातून दहादा विचारेल, आणि दहाही वेळा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावं लागेल. ६ ते ८ मधलं मूल बारकावे विचारतं, कधी अंगावर काटा आणणारे. मुलाच्या मनात काय चित्र तयार झालंय हे बघायचं असेल तर उलटा प्रश्न करा: “तुला काय वाटतं, आबा आता कुठे असतील?” उत्तर ऐकून चुकीचं तेवढंच दुरुस्त करा.

काही प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण ते त्यांच्या मनात असतातच. पहिला: माझ्यामुळे झालं का? या वयात मनात आलेली गोष्ट खरी होते असं मुलांना वाटतं. आजी गोष्ट सांगेना म्हणून “जा, कट्टी” म्हटलं आणि आठवड्यात आजी गेली, की पोर दोन्हीची सांगड घालतं. त्यानं विचारायची वाट न बघता सांगून टाका: “तुझ्या बोलण्यानं, रागानं, हट्टानं आजीला काही झालं नाही. रागावल्यानं कुणी मरत नाही.”

दुसरा: तू पण मरशील का? इथे “नाही गं, मी कधीच नाही” असं तोंडावर येतं. ते गिळा. म्हणा, “सगळी माणसं कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मला तुला मोठं झालेलं बघायचंय, आणि मी बरी आहे.” त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: मग माझा डबा कोण करणार? त्याचंही उत्तर द्या. बाबा आहेत, मावशी आहे, आजी आहे, नावं घेऊन सांगा. माणसं मोजता आली की मुलाला धीर येतो.

घरातून नेताना

आपल्याकडे पटकन मुलांना शेजारी पाठवतात आणि ती परत येतात तेव्हा खाट रिकामी असते. काही तासांसाठी दूर ठेवणं ठीक, पण निरोप घ्यायची संधी हिरावू नका. आधी सांगा: आबा हॉलमध्ये खाली निजवलेले आहेत, डोळे मिटलेले, नाकात कापूस असेल, पांढरं वस्त्र असेल, लोक मोठ्यानं रडत असतील. मग विचारा, “तुला बघायचंय? नको म्हणालीस तरी चालेल.” फूल वाहायला द्या, नमस्कार करू द्या. हात लावायचा असेल तर लावू द्या, गार लागेल हे आधी सांगून. सोबत एक मोठं माणूस असं ठेवा ज्याला दुसरं काहीच काम नाही, मूल नको म्हणालं त्या क्षणी त्याला घेऊन बाहेर पडायचं. हे मी पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी सांगते, कारण घाईत हेच राहतं.

अमरधामपर्यंत ५-६ वर्षांच्या मुलाला नेऊ नये असं माझं मत. चिता पेटताना बघणं त्या वयाला झेपत नाही. पण तिथे काय होतं हे लपवूही नका, कारण वर्गातलं कोणीतरी सांगणारच: “तुझ्या आजोबांना जाळलं.” ते तुमच्याकडून आधी कळू दे. “मेल्यानंतर शरीराला काहीच जाणवत नाही. मग आपण ते अग्नीला देतो, त्याची राख होते.” “चटका बसला असेल ना?” हा प्रश्न येतोच येतो. शांतपणे सांगा, “नाही. चटका कळायला जिवंत असावं लागतं. आबांना काहीच दुखलं नाही.” न विचारलेलं सांगू नका.

ज्यांच्याकडे दफन करतात तिथे प्रश्न वेगळा असतो: मातीखाली श्वास कसा घेणार? उत्तर तेच. कबरीवर मूठभर माती किंवा फूल टाकायला मुलाला मिळालं, तर पुढे तिथे जाणंही त्याला सोपं जातं. बौद्ध कुटुंबांत जलदान आणि पुण्यानुमोदनाला मुलं सगळ्यांबरोबर बसतात, मला ती पद्धत फार चांगली वाटते.

दहा दिवस आणि रामकुंड

सुतकाचे दिवस मुलांना सगळ्यांत कोड्यात टाकतात. देवाला दिवा नाही, पण आबांच्या जागी दिवा आहे. टीव्ही बंद, गोडधोड नाही, बाबा वेगळे बसतात, अनोळखी माणसं येऊन आईच्या गळ्यात पडून रडतात. रोज सकाळी दोन वाक्यांत सांगा की आज घरात काय होणार आहे, कोण येणार आहे. आबांच्या दिव्यात तेल घालायचं काम तुमच्या देखरेखीखाली मुलाकडे द्या. आमच्याकडे ते लेकीचं काम झालं. ती ते इतक्या मन लावून करायची की रात्री झोपायच्या आधीही एकदा बघून यायची.

आता एक गोष्ट जी कुणीच आधी सांगत नाही. क्रिया करणाऱ्या बाबांचे केस आणि मिशी काढतात. ज्या मुलीनं जन्मापासून बाबांना मिशीशिवाय पाहिलेलं नाही, तिच्यासमोर संध्याकाळी एक तुळतुळीत डोक्याचा अनोळखी माणूस उभा राहतो. माझी लेक किंचाळून मोरीत जाऊन लपली होती. आधी सांगा, जमलं तर मुलाचा हात बाबांच्या टाळूवरून फिरवून घ्या, “महिन्याभरात पुन्हा येतील” असं सांगा. आधीच्या बापलेकीच्या फोटोशेजारी उभं राहून हसलात तर उत्तमच.

दहाव्याला किंवा अस्थी विसर्जनाला मुलांना गोदावरीच्या रामकुंडावर न्यावं का? मूल ५ च्या पुढचं असेल आणि यायचं म्हणत असेल तर अवश्य न्या. नाशिकच्या मुलांना ही जागा परकी नसते. तिथेच ती संध्याकाळी भेळ खातात. पण सकाळी तिचं रूप वेगळं असतं: एकाच वेळी कितीतरी कुटुंबांचे विधी, गर्दी, मंत्र, ओले कपडे, केस काढणारे. हे आधी सांगा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलाचा हात सोडू नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर गोदेची पातळी बघता बघता वाढते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलंय असं कळलं तर मुलाला घरीच ठेवा. खाऊ, पाणी, बदलायचे कपडे घ्या, आणि मगाशी म्हटलं तसं एक मोकळं माणूस.

मुलाला सांगायला इथे एक फार जवळची गोष्ट आहे. रामानं आपले वडील दशरथ गेल्यावर त्यांचं श्राद्ध याच कुंडावर केलं असं आपण मानतो. “म्हणजे रामाचे बाबा पण वारले होते?” असं माझ्या लेकीनं डोळे मोठे करून विचारलं आणि मग बराच वेळ गप्प होती. अस्थी जिथे सोडतात त्या भागाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. तिथून राख कुठे जाते, हा पुढचा प्रश्न. घरी आल्यावर नकाशा काढा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत थेट राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळते, १,४६५ किलोमीटर. मुलाचं बोट धरून ती रेघ फिरवा. ‘विलीन झाले’पेक्षा हे उत्तर मुलाला पुरतं.

आणि कावळा. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवला नाही की मोठी माणसं काय काय बोलतात. आमच्या वेळी पाऊण तास लागला. कुणीतरी म्हणालं, “नातीत जीव अडकलाय त्यांचा,” आणि ते बोलणं घरी पोचलं. त्या रात्री लेक पांघरुणातून म्हणाली, “माझ्यामुळे आबांना जाता येत नाहीये का?” ते ऐकून काळजात चर्र झालं. मी तिला सांगितलं ते खरं तेच होतं: रामकुंडावर सकाळपासून इतके पिंड ठेवलेले असतात की कावळ्यांची पोटं भरलेली असतात, शिवाय माणसांची गर्दी असली की कावळा बिचकतो. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे कुणाचं काही अडत नाही. आबांचा तुझ्यावर जीव होता, ही चांगली गोष्ट आहे, त्यात तुझी चूक काहीच नाही. तुमच्याकडे दहावा असेल तर आदल्या दिवशीच जवळच्या चार माणसांना सांगून ठेवा: पोरांसमोर इच्छा राहिली, जीव अडकला असलं काही बोलायचं नाही.

तेरावा, गोडाचं जेवण झालं की पाहुणे जातात. मुलांसाठी खरी पोकळी तिथून सुरू होते.

नंतरचे महिने

वहीचं एक पान घ्या आणि आजी-आजोबा मुलाच्या दिवसात कुठे कुठे होते ते लिहून काढा. आमच्या पानावर असं होतं: सकाळी दुधाची पिशवी आणायला बरोबर नेणं. साडेबाराला शाळेच्या रिक्षापाशी उभं राहणं. दुपारी केळं सोलून देणं, अर्धं तिला, अर्धं स्वतःला. संध्याकाळी घाटावर एक फेरी. प्रत्येक ओळीपुढे आता कोण, हे लिहा आणि मुलाला सांगा. रिक्षापाशी उद्यापासून आजी उभी राहील, हे आधी कळलं तर मूल दारात रडत उभं राहत नाही. केळ्याचं मात्र आम्ही कुणाच्याच नावावर लिहिलं नाही. ती अर्धं केळं बशीत ठेवायची, बरेच दिवस. आम्ही काही बोललो नाही. एक दिवस तिनं आपणहून पूर्ण खाल्लं.

शाळेत वर्गशिक्षिकेला लगेच कळवा: कोण वारलं, कधी, आणि मुलाला काय सांगितलंय, कोणत्या शब्दांत. नाहीतर घरी एक आणि शाळेत दुसरं होतं. शिक्षिकांना माझी विनंती, ‘माझे कुटुंब’चं चित्र काढताना त्या मुलाला विचारा की आजोबांना काढायचंय का. बहुतेक मुलं काढतात. शाळेतला आजी-आजोबांचा कार्यक्रम जवळ आला असेल तर पालकांशी आधी बोला.

काही आठवडे मूल मागे गेल्यासारखं वागेल. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होईल, पोट दुखेल, आईचा पदर सोडणार नाही, क्षुल्लक कारणानं आदळआपट होईल. रागावू नका, लाजवू नका. जेवणाची आणि झोपेची वेळ तेवढी सांभाळा. बाहुलीला पांढरं कापड गुंडाळून खांदा द्यायचा खेळ मुलं खेळतात. त्याला अभद्र म्हणून हाणून पाडू नका. जे समजत नाही ते मुलं खेळून समजून घेतात.

तुम्ही रडा. मोरीत नळ सोडून रडायची गरज नाही. “मला आबांची आठवण आली, म्हणून रडतेय, थोड्या वेळानं बरं वाटेल,” असं सांगून रडा.

कपडे, चष्मा, काठी घाईनं वाटून टाकू नका. मुलाला एक वस्तू निवडू द्या, तुम्हाला ती कितीही फालतू वाटो. माझ्या लेकीनं गोळ्यांचा डबा मागितला, सोम-मंगळ लिहिलेल्या कप्प्यांचा. गोळ्या काढून, धुऊन दिला. तिच्या पेन्सिलीची टोकं त्यात आहेत अजून.

मागे राहिलेल्या आजीबद्दल एक काळजी घ्या. “आता तूच आजीला सांभाळायचं,” असं येणारा-जाणारा कौतुकानं म्हणतो. ५ वर्षांच्या खांद्यावर हे ओझं नको. दोघींना एकत्र काम द्या: जुने फोटो काढून मागे नावं लिहिणं, आबांच्या आवडीची भाकरी-पिठलं करणं. आजी सांगते, नात ऐकते, दोघींचंही होतं.

पहिल्या वर्षी सण येतात. दिवाळीला कंदील लावायचा नाही असं घरात ठरलं असेल तर मुलाला कारण आधी सांगा. आबांनी शिक्षा केलीय असं त्याला वाटता कामा नये. वाढदिवस मात्र करा, लहानसा का होईना.

मदत कधी घ्यायची

बहुतेक मुलं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात, त्यांना डॉक्टर लागत नाही. पण सहा महिने उलटूनही मूल रोज झोपेत दचकत असेल, शाळेत जायला तयार नसेल, खेळणं आणि मित्र सोडून दिले असतील, खाणं तुटलं असेल, किंवा मीच मारलं हे मनातून जातच नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. ‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

“मला आबांकडे जायचंय” हे वाक्य ऐकून घरातल्यांचा जीव उडतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आठवण येते’ इतकाच असतो. घाबरून गप्प करू नका, जवळ घेऊन विचारा, “जाऊन काय करायचंय?” माझ्या लेकीचं उत्तर होतं, “केळं द्यायचंय.” पण तेच पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा कसं जायचं याबद्दल मूल बोलू लागलं, तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नका.

आणि हा विषय एकदा बोलून संपत नाही. चौथ्या वर्षी समजलेलं मरण आठव्या वर्षी पुन्हा नव्यानं कळतं, त्या वेळी कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त रडू येतं. मागे सांगितलं होतं ना, म्हणून झटकू नका. लेक तिसरीत असताना सर्वपित्रीला आम्ही गच्चीवर कावळ्याला घास ठेवत होतो. ती कठड्याला टेकून उभी होती. एकदम म्हणाली, “आई, मी देवघरात शोधत होते ना, तेव्हा आबा खरं कुठे होते?”

मी पान खाली ठेवलं. म्हटलं, “तेव्हा त्यांची राख अमरधाममध्येच होती. तिसऱ्या दिवशी बाबा आणि काका सावडून घेऊन आले.”

तिनं थोडा विचार केला. “म्हणजे इथल्या इथेच,” ती म्हणाली आणि घासावर वाटीतलं आणखी थोडं पिठलं वाढलं.